झडती घेणारीची झडती

चऱ्होलीतल्या निम्म्या पोरांची नाळ सुभद्राबाईंनी कापलेली. त्यामुळे सरकारलाही त्याच आठवल्या. बाईमाणसाच्या अंगाला पोलिसांनी हात लावायचा नाही, असा कायदा. मग दारूसाठी नाहीतर अफूसाठी धाड पडली, की बायकांची झडती घ्यायला जमादार या सुईणीला बोलावून नेई. त्यांना ते मुळीच आवडत नसे. पण ही बाई खोटं बोलत नाही अशी ख्याती झाली होती, आणि ख्याती म्हणजे गळ्यातलं लोढणं, दुसरं काय.

एकोणीसशे सत्तावन्न सालच्या उन्हाळ्यात ज्योतीरामच्या घरावर धाड पडली. तो अफू विकतो, अशी कुणीतरी चुगली केली होती. सुभद्राबाई एका बाळंतिणीकडून परतत होत्या, तशाच तिकडे गेल्या. दारात नवे फौजदार उभे. तरुण, सरळ माणूस. पूर्वी धाडीत पुडी पोलीसच टाकत आणि पोलीसच शोधून काढत. ते बंद व्हावं म्हणून त्यांनी नवा नियम केला होता: झडती घेणारीची झडती आधी घरच्या बाईनं घ्यायची.

नियम चांगलाच होता. पण सुभद्राबाई उंबऱ्याबाहेरच थबकल्या. त्यांच्या कनवटीला अफूची पुडी होती. रडक्या बाळाला मोहरीएवढी गोळी चाटवायची, ही त्यांची जुनी रीत. जन्मभर त्या तिला औषधच म्हणत आल्या. त्यासाठी तुरुंगात जावं लागतं, हे त्यांना दारात उभ्या असताना उमगलं. सांगून टाकावंसं वाटलं, पण तुरुंगाच्या धाकानं त्या तशाच आत गेल्या.

आतल्या खोलीत ज्योतीरामची बायको सोजरा त्यांना चाचपू लागली. हात कनवटीशी थांबला. तिच्या बाळंतपणात मायलेकरं वाचली ती याच बाईंमुळे. सोजरानं पुडी काढून मुठीत घेतली आणि बाहेर ऐकू जाईल असं म्हणाली, "काय न्हाई." फौजदारांनी तसं लिहून घेतलं.

सुभद्राबाई पुडी परत मागणार, तोच बाहेर ज्योतीरामच्या कडेवरचं तान्हं कळवळून रडू लागलं. सोजरा सवयीनं उंबऱ्याशी धावली. पोराला घ्यायला तिनं दोन्ही हात पुढे केले आणि पुडी जमादाराच्या बुटापाशी पडली.

"माझी हाय ती, सायेब," सुभद्राबाई म्हणाल्या. "हिनं मला वाचवाया काढून घेतली."

फौजदारांचा चेहरा मऊ झाला. "तुमची माया कळते, बाई. पण तुमच्याजवळ काही नव्हतं, हे हिनंच आत्ता सांगितलंय."

पुडी आपली नाही म्हणून सोजरानंही शपथा घेतल्या. पण मुद्देमालासकट सापडलेलीची शपथ कोण ऐकतो? नवराबायकोला पुण्याला नेलं. पोर सुभद्राबाईंच्या मांडीवर राहिलं.

त्यानंतर चावडीवर, विहिरीवर, भेटेल त्याला त्या सांगत सुटल्या की पुडी माझी होती. आम्ही माना डोलवायचो. दुसरीसाठी आळ अंगावर घेणारी बाई म्हणून गावातल्या सुना त्यांच्या पाया पडू लागल्या, आणि त्या पाय मागे घेत म्हणायच्या, "अगं, खरंच माझी व्हती."