यादीत नसलेली म्हैस

नावड्याच्या राजाबाईच्या दुधात कुणी खोट काढावी आणि तिनं मुकाट्यानं ऐकून घ्यावं? छे, नाव नको! तीस वर्षं म्हशी राखल्या बाईनं, दुधात कधी पाण्याचा थेंब घातला नाही. आणि तळोज्याच्या एका लॅबनं लिहून दिलं की हिच्या म्हशीच्या दुधात गाईचं दूध मिसळलंय. मिठाईवाल्यानं त्याच दिवशी तिचं दूध बंद केलं.

"आवं, माज्या दारात गाय हायेच कुठं?" कागद घेऊन राजाबाई लॅबच्या पायरीवर जाऊन बसली. एक दिवस, दोन दिवस. वॉचमन दमला, ही नाही दमली. शेवटी ईश्वरी नावाची तिथली तपासनीस पोरगी बाहेर आली.

"मावशी, दुधातल्या प्रोटीनचे तुकडे करतो आम्ही. मशीन त्यांचं वजन करतं आणि आत भरलेल्या जनावरांच्या यादीशी जुळवून जनावर सांगतं. चुकत नाही हो ते."

"त्या यादीत म्हस हाय का?"

ईश्वरी हसली आणि मधेच थांबली. आत जाऊन बघते तर काय, यादीत नुसती गाय! म्हशीचं दूध तिथं क्वचितच तपासायला यायचं. गाई-म्हशीचे पुष्कळ तुकडे सारखेच. म्हैस यादीतच नाही म्हटल्यावर मशीन बिचारं गाईचंच नाव घेणार. जे तुकडे फक्त म्हशीचे, ते ओळख पटत नाही म्हणून बाजूला टाकलेले. राजाबाईच्या दुधाची जुनी मोजणी कॉम्प्युटरात तशीच होती. तिनं यादीत म्हैस घातली आणि पुन्हा जुळवलं. दूध निव्वळ म्हशीचं निघालं.

"सॉरी, मावशी. नवा रिपोर्ट देते."

राजाबाईचा चेहरा उजळायचं सोडून उतरलाच. "मागल्या साली पंढरीचं दूद तुमीच नापास केलं ना? त्याचं बी काढ. त्याबिगर मी हलनार नाय."

पंढरी तिचा सख्खा दीर. लॅबचा कागद खरा मानून तिनंच त्याला भर नाक्यावर चोर म्हटलं होतं. म्हैस व्याली की पहिला चीक त्याच्या घरी जायचा, तोही तिनं बंद केला. लाजेनं त्यानं म्हशी विकल्या. आता गोठ्यात लोकांच्या स्कूटी भाड्यानं लावून घेतो.

मागल्या सालच्या मोजणीतून त्याचंही दूध निव्वळ म्हशीचंच निघालं.

संध्याकाळी राजाबाई त्याच्या दारात उभी. पंढरीनं रिपोर्ट वाचला, घडी घालून परत दिला. "वयनी, कागद सुदरला. माज्या म्हशी येनार हायेत का परत?"

"चूक माजी हाय, भावजी. मशीनकडं यादी नव्हती. मला तर तुमी ठावूक होता." तिनं पदरानं डोळे पुसले आणि गोठ्याकडे हात केला. "त्या गाड्या काढा पयल्या. माजी गाभन म्हस भायेर उभी हाय."