दारफाळणीला वाजलेली बेल

मी सॉफ्टवेअर टेस्टर, नोकरी हिंजवडीत. जे पुन्हा करून दाखवता येत नाही ते मी मानत नाही. त्यामुळे हसायचं असेल त्यांनी आत्ताच हसून घ्या...

आम्ही बेने इस्राएल, म्हणजे मराठी ज्यू. आमचा सर्वांत मोठा उपास म्हणजे दारफाळणीचा सण. पांढरे कपडे घालायचे, दार लावून घ्यायचं, पाण्याचा थेंबही नाही. बाहेरच्यांचा स्पर्शही नको, अशी जुनी रीत. कोथरूडच्या आमच्या सोसायटीत समोरच्या जोशीकाकूंना हे पाठ होतं. त्या दिवशी त्या विरजण मागायलासुद्धा यायच्या नाहीत.

त्या वर्षी सण गुरुवारी आला – म्हणजे वीज जायचा वार. आईला डायबेटीस, डॉक्टरांनी उपासाला सक्त मनाई केलेली. पण ऐकेल तर ती आई कसली! गुडघ्यामुळे ती घरी राहिली आणि मला दटावून कॅम्पातल्या सिनेगॉगमध्ये प्रार्थनेला पाठवलं.

संध्याकाळी परतले तर दार सताड उघडं. आई कॉटवर, आणि काकू वर्तमानपत्राने तिला वारा घालत बसलेल्या.

"डॉक्टर येऊन गेले, आता बरी आहे. साखरेचं पाणी पाजलं, उपास मोडला तुझ्या आईचा," काकू म्हणाल्या. "पाप लागलं तर मला लागू दे. मला सवय आहे."

झालं होतं असं – दुपारी काकूंची बेल वाजली. बाहेर कुणीच नाही. आमचं दार बंद. आज हाक मारायची नाही हे ठाऊक असूनही त्यांना राहवेना. हाकांना उत्तर नाही, तेव्हा त्यांच्याकडे ठेवलेल्या किल्लीने त्या आत आल्या. आई स्वयंपाकघरात पडलेली, अर्धवट शुद्धीत.

"आईनेच वाजवली असेल," मी म्हटलं.

"अगं, मला उठवत नव्हतं. आणि सणाला विजेच्या बटणाला हात लावायचा नसतो, मी बेल दाबेन?" आई म्हणाली.

"शिवाय वीज नव्हती," काकू म्हणाल्या. "तुझा कॉम्प्युटर काय म्हणतो यावर?"

मला एकदम रडूच आलं.

दुसऱ्या दिवशी शिळा सण, आमचा भेटीगाठींचा दिवस. आई काठी टेकत समोर गेली आणि काकूंचा हात धरून बराच वेळ बसली.

पुढे कितीतरी गुरुवारी वीज गेली की मी ती बेल दाबून पाहिली. एकदाही वाजली नाही. आतून काकू विचारायच्या, "झालं का संशोधन?"

ती कशी वाजली, मला आजही कळलेलं नाही. आता दारफाळणीला आई वेळेवर खाते, पांढरी साडी नेसते आणि दार लावत नाही, नुसतं लोटते. समोरचं दारही दिवसभर तसंच लोटलेलं असतं.

"आमचा कसला सण," काकू म्हणतात. "वारा येतो जरा."