जेट्सचं झबलं

न्यू जर्सीतल्या पार्सिपनीच्या मराठी मंडळींत एकनाथ ढोबळे म्हटलं तर लोक जरा विचारात पडतात. जेट्सवाले काका म्हटलं की मात्र शेंबडं पोरही घर दाखवतं. आता यात कौतुक किती आणि कीव किती, ते विचारू नका. मंडळाच्या गणपतीत आरतीचं तबक फिरवताना कुणीतरी हमखास म्हणायचं, "काका, यंदा जेट्सचं काय?" आणि मागची चार टाळकी खी-खी करायची. एकनाथराव आपले तबक पुढच्याकडे देऊन मोकळे व्हायचे.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगायचं, तर न्यूयॉर्क जेट्स हा अमेरिकन फुटबॉलचा संघ. नावात न्यूयॉर्क, ग्राउंड न्यू जर्सीत, आणि नशीब कुठे ते अजून कुणाला सापडलेलं नाही. हा फुटबॉलही असा, की पायाने कमी आणि हातानेच जास्त खेळायचा. सप्टेंबर ते जानेवारी, बहुतेक दर रविवारी मॅच. यातला सगळ्यात मोठा कप या संघाने एकदाच जिंकलाय, तोही माणूस चंद्रावर उतरायच्या आधी. एकनाथराव तेव्हा अमरावतीत धड पाटी-पेन्सिलही धरत नव्हते.

मग हा माणूस या फंदात पडला कसा? नीलाकाकूंनी हा प्रश्न उभ्या संसारात इतक्यांदा विचारलाय, की भिंतींनाही पाठ झाला असेल. "अहो, ते जायंट्सवाले त्याच ग्राउंडवर खेळतात. कप आणतात, मिरवणुका काढतात. धरायचंच होतं, तर त्यांना धरायचं!"

पण धरायला हा काय भाजी बाजार होता? एकनाथराव नव्वदच्या दशकात इकडे आले तेव्हा औषधांच्या एका कंपनीत कॉन्ट्रॅक्टवर होते. इंग्रजी पुस्तकी, उच्चार अमरावतीचा. कॅफेटेरियात डबा उघडला की दोन्ही बाजूच्या खुर्च्या रिकाम्या. कामापुरतं बोलायचं आणि घरी यायचं. शेजारच्या टेबलावरचा फ्रँक मात्र एका शुक्रवारी म्हणाला, "माझा मेव्हणा टांग मारतोय. जेट्सचं एक तिकीट आहे, येतोस?" गेले. थंडीने कुडकुडत बसले, खेळातलं काही कळलं नाही, संघ सपाटून हरला. सोमवारी ऑफिसात गेले, तर जो तो मान हलवत यांच्या टेबलाशी थांबतोय! "तूही होतास? आई गं!" दोन वर्षांत ज्यांनी गुड मॉर्निंगच्या पुढे मजल मारली नव्हती, ते खुर्ची ओढून बसायला लागले. जिंकणाऱ्यांच्या घोळक्यात शिरायला ओळख लागते हो. हरणाऱ्यांत कुणीही मावतं.

त्याच्या पुढच्या सीझनला तर कहर झाला. सोळा मॅचेसपैकी जिंकली एक. शेवटच्या मॅचनंतर फ्रँकने यांना एक हिरवा टी-शर्ट दिला, पुढे जेट्सचं नाव आणि पाठ कोरी. वर म्हणाला, "नेक्स्ट इयर." आणि एकनाथरावांच्या तोंडून, काही विचार न करता, गाड्या लावलेल्या त्या भल्या थोरल्या मैदानात मोठ्याने निघून गेलं, "पुढच्या वर्षी लवकर या!"

फ्रँकने अर्थ विचारला. एकनाथरावांनी सांगितलं, की आमच्याकडे देवाला वाजतगाजत आणतात, लाड करतात, मग डोळ्यांत पाणी आणून बुडवतात आणि असं म्हणतात. फ्रँक म्हणाला, "मग हे तर अगदी आमचंच." तेव्हापासून घरात सीझनचं विसर्जन सुरू झालं. शेवटची मॅच संपली की टीव्हीसमोर उभं राहायचं आणि ओरडायचं. त्याच साली जन्मलेला निहार बोलायला लागल्यापासून बापाच्या मांडीवरून ओरडायचा. नीलाकाकू स्वयंपाकघरातून कपाळावर हात मारायच्या, "देवाची तरी लाज बाळगा!"

एकदा मात्र घास खरोखर हातातोंडाशी आला होता. फायनलच्या अलीकडची मॅच, पिट्सबर्गला. निहार तेव्हा चौदाचा. पहिल्या अर्ध्यात पार धूळधाण, आणि दुसऱ्या अर्ध्यात हे पठ्ठे असे उठले, की पोरगा चिवड्याचा वाडगा घेऊन सोफ्यावर उभा! बाप खाली, पोरगा वर, दोघांचा घसा बसलेला. आणि मग काय, कशात काय नि फाटक्यात पाय. हरले. निहार सोफ्यावरून उतरला आणि बापाच्या कमरेला मिठी मारून हमसून हमसून रडला. चिवड्याच्या हळदीने माखलेली त्याची बोटं टी-शर्टच्या पाठीवर उमटली. एकनाथरावांनी त्याच्या डोक्यावरून हात फिरवला, म्हणाले, "रडतोस काय? म्हण, पुढच्या वर्षी लवकर या." पोरगा हुंदके देत म्हणाला.

ते पुढचं वर्ष अजून यायचंय. ती हळदही काही गेली नाही, काकूंनी ब्लीच सोडून सगळं करून पाहिलं.

पोरगा कॉलेजला गेला, नोकरीला लागला, इशिताशी लग्न करून एडिसनला राहायला गेला. आधी रविवारी यायचा, मग फोन करायचा, मग नुसता मेसेज, मग तोही नाही. एकनाथरावांनी कामाचा ताण म्हणून सोडून दिलं. फ्रँक रिटायर होऊन फ्लोरिडाला गेला. सोफ्यावर एकनाथराव एकटे उरले.

आणि या उन्हाळ्यात इशिताला सातवा लागला. मुलगी होणार हे इथल्या रीतीप्रमाणे आधीच कळलं होतं. दोघं जेवायला आली, तेव्हा एकनाथरावांनी मोठ्या हौसेने एक पिशवी पुढे केली. आत तळहाताएवढा हिरवा जेट्सचा ड्रेस. इशिता "सो क्यूट!" म्हणाली. निहारने तो ड्रेस घडी घालून पिशवीत परत ठेवला.

"बाबा, प्लीज. हिला नको."

"अरे, गंमत म्हणून आणला."

"गंमत नाही आहे ती." निहारचा आवाज चढला नव्हता, तेच वाईट होतं. "तू दर वर्षी नेक्स्ट इयर म्हणायचास ना, मला ते खरं वाटायचं. मला वाटायचं, बाबाला माहीत आहे. आय रिअली बिलीव्ड यू. शाळेत मुलं हसायची, तरी मी त्यांना सांगायचो, यू वेट. माझ्या मुलीला हे नको. प्रॉमिस मी, बाबा."

वरणात हात तसाच राहिला एकनाथरावांचा. मग म्हणाले, "बरं. शब्द दिला."

मुलं गेल्यावर काकू भांडी आवरायला लागल्या, आणि हे पिशवी मांडीवर घेऊन बसून राहिले. लोक पोरांना काय काय देतात. कुणी गाणं शिकवतं, कुणी बुद्धिबळ. आणि आपण काय दिलं? हार. दर रविवारी, हाताला धरून, नेमाने. आपल्याला वाटलं, पोरगा आपल्याजवळ बसलाय, खूश आहे. तो बिचारा बापावर विश्वास ठेवून बसला होता. याचं त्यांना फार वाईट वाटलं. संघ हरल्याचं कधी वाटलं नव्हतं इतकं.

सप्टेंबर आला. यांनी टीव्ही लावला नाही. रविवारी दुपारी अंगणातली पानं गोळा करायची, गोळा करण्याजोगी उरली नाहीत तर गॅरेज झाडायचं. काकूंना आधी बरं वाटलं. घरात आरडाओरडा नाही, सोफ्यावर बसून तिकडच्या चेंडू फेकणाऱ्या क्वार्टरबॅकला अक्कल शिकवणं नाही. पण दोन-तीन रविवार गेले आणि त्यांनाच घर खायला उठलं.

"अहो, लावा तो टीव्ही एकदाचा. तुमचं असं गप्प बसणं बघवत नाही मला."

"नको गं. दमलो मी."

"हरून हरून?"

"त्याने कोण दमतं? पोराला रडवून दमलो."

काकूंनी गॅसवर आधण ठेवलं. आलं घालून चहा केला आणि स्वतःही गॅरेजमध्ये येऊन बसल्या.

ऑक्टोबरात इशिताला मुलगी झाली. आता ढोबळ्यांच्या घरची रीत अशी, की बारशाला बाळाला घालायचं पहिलं झबलं घरातल्या थोरामोठ्यांच्या जुन्या कापडाचं. नव्याची शिवण बाळाला टोचते, आणि जुनं कापड धुवून धुवून मऊ झालेलं असतं. शिवाय ज्याने ते वापरलं त्याचं आयुष्य बाळाला लागतं म्हणतात. निहारचं झबलं त्याच्या आजीच्या सुती लुगड्याचं होतं. काकूंनी सगळी कपाटं उपसली. पण अमेरिकेत जुनं टिकतंय कशाला? दर दोन वर्षांनी पिशव्या भरायच्या आणि दान द्यायच्या. उरलेल्या साड्या सगळ्या जरीच्या नाहीतर सिंथेटिक.

"एवढं मोठं घर, आणि धडसं फडकं नाही जुनं!" काकू रडकुंडीला आल्या.

एकनाथराव उठले, आत गेले आणि तो हिरवा टी-शर्ट घेऊन आले. काकू बघतच राहिल्या. कुणी घरच्या माणसाला लावणार नाही, इतकी या माणसाने त्या चिंधीला माया लावली होती.

"अहो, हा? आणि निहारला दिलेला शब्द?"

"मऊ आहे की नाही, ते बघ."

काकूंनी तो गालाला लावला. सायीसारखा मऊ झाला होता.

"फक्त पाठ घे," एकनाथराव म्हणाले. "पुढचं नाव नको. कात्री नीट चालव, एक अक्षर यायला नको त्यात." आणि कात्रीचा आवाज ऐकायला नको म्हणून बाहेर जाऊन उभे राहिले.

बारसं बाराव्या दिवशी वगैरे इथे कुठलं! सगळ्यांना सुट्टी तो मुहूर्त. नोव्हेंबरातला रविवार ठरला, एकनाथरावांच्याच बेसमेंटमध्ये. आत्या म्हणून निहारची चुलत बहीण स्वानंदी दूरच्या कॅरी गावाहून विमानाने आली. तिने बाळाच्या कानात कुर्र्र केलं, बायकांनी तिच्या पाठीत मनसोक्त धपाटे घातले, आणि बाळाचं नाव नेत्रा ठेवलं. मग मसालेभात, जिलबी, गलका.

"काका, आज मॅच ना?" कुणीतरी मठ्ठा ओतून घेताना विचारलं.

"मी सोडलं ते."

"चला! जित्याची खोड कधी जाते का?" मंडळी हसली. एकनाथरावही हसले, पण उगाच.

हळूहळू पाहुणे पांगले. इशिता कधी नव्हे ती दोन घास सुखाने खायला वर बसली, आणि इकडे बाळाने नव्या जरीच्या झग्यावर भसकन दूध ओकलं. काकूंनी लगबगीने झगा उतरवला, हाताला लागलं ते झबलं चढवलं आणि पोर निहारच्या हातात दिली. "धर जरा, मी हा धुवून टाकते."

निहार बाळाला घेऊन खाली सोफ्यावर एकनाथरावांच्या शेजारी येऊन बसला. बाळाला त्याने खांद्यावर टाकलं, पाठ थोपटायला लागला, आणि थांबला. बाळाच्या इवल्याशा पाठीवर चार फिकट पिवळी बोटं होती.

एकनाथराव घाईघाईने म्हणाले, "आजीने शिवलंय. जुनं कापड लागतं म्हणून. नाव नाहीये हं त्यावर, बघ हवं तर. मी शब्द मोडलेला नाही."

निहारने त्या डागावर आपली बोटं ठेवून पाहिली. आता ती मावत नव्हती.

"चिवडा," तो म्हणाला.

"चिवडा," एकनाथराव म्हणाले.

मग निहारने विचारलं, "स्कोअर काय आहे?"

"माहीत नाही."

"खरंच?"

"तुझी शपथ. सप्टेंबरपासून एक मॅच बघितली नाही."

निहारने बापाकडे नीट पाहिलं. त्याला बाप एकदम म्हातारा दिसला असावा. त्याने हात लांब करून रिमोट घेतला.

मॅच संपत आलेली. जेट्स मागे होते, पण फार नाही. चेंडू त्यांच्याकडे होता आणि दहा-दहा यार्ड करत ते पुढे सरकत होते. एकनाथरावांनी हाताची घडी घातली, मग सोडली. निहार पुढे सरकून बसला. "बाबा, धिस इज हॅपनिंग," तो हळूच म्हणाला. एकनाथरावांनी दात आवळून धरले होते. क्वार्टरबॅकने चेंडू उंच फेकला, आणि तो अलगद, अगदी मायेने, जाऊन पडला समोरच्या संघाच्या हातात.

संपलं. निहारने कपाळाला हात लावला, अगदी आईसारखा. बाळ दचकून उठलं आणि रडायला लागलं.

एकनाथरावांच्या ओठांवर शब्द आले होते, पण त्यांनी तोंड घट्ट मिटून घेतलं. टीव्हीकडे न बघता ते गालिच्याकडे बघत राहिले. निहार त्यांच्याकडे बघत थांबला होता. बाप बोलत नाही म्हटल्यावर त्याने नेत्राची चिमुकली मूठ आपल्या बोटांत धरली, टीव्हीच्या दिशेने वर केली, आणि आपल्या त्या अमेरिकन मराठीत, पोरीच्या रडण्याच्या वर आवाज काढून म्हणाला, "से इट, नेत्रा. पुढच्या वर्षी लवकर या!"

एकनाथरावांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. ते त्यांनी बाहीला पुसलं, नाक ओढलं, आणि पोरावर खेकसले, "अरे गाढवा, नोव्हेंबरात कसलं विसर्जन करतोस? अजून मॅचेस उरल्यात!"