हातभर लीडर

उत्तर विस्कॉन्सिनच्या तळ्यांवर हार्लन स्कॉग्मोला लोक ‘तारवाला’ म्हणत, आणि तेही तोंडावर. गळाची दोरी आणि खोटा मासा यांच्यामध्ये जो हातभर लीडर बांधतात, तो पोलादी तारेचाच हवा, हा त्याचा हट्ट. मस्की म्हणजे इथला दांडगा शिकारी मासा; त्याच्या तोंडात सुऱ्या असतात, तिथे नाजूक थेरं कशाला? नव्या पोरांनी पाण्यात न दिसणाऱ्या फ्लुरोकार्बनच्या दोऱ्याचं कौतुक लावलं की तो म्हणे, “त्यानं बुटाची नाडी बांधा.” माणूस हेकट, पण त्याच्या तारेवरून मासा कधी तुटून गेला नाही, हेही खरं.

त्या ऑक्टोबरात त्याच्या होडीत धाकटा भाऊ वेंडल होता. वेंडलला कॅन्सर होता आणि डॉक्टरांनी हात टेकले होते. जन्म या तळ्याकाठी गेला, पण त्याला एकही मस्की मिळाली नव्हती. पाणी गोठायच्या आत एक मिळावी, एवढंच त्याचं मागणं. हार्लनला त्याला दुसरं काही देता येण्यासारखं उरलंच नव्हतं.

पाणी अगदी नितळ होतं. मासे होडीपर्यंत मागे येत आणि ऐनवेळी वळून जात.

“तार दिसते रे त्यांना,” वेंडल म्हणाला. “मी मेल्यावर बांध तुझी तार.”

“तोंड सांभाळ.”

“तेवढंच तर चालतंय आता.”

हार्लनने मुकाट्याने फ्लुरोकार्बन बांधला, आणि तोही कमी दिसावा म्हणून बारीकच. थोड्या वेळाने मस्कीच्याच जातकुळीतला एक छोटा पाइक मासा लागला. वेंडल चक्क हसला. मासा सोडून दिल्यावर हार्लनने सवयीने लीडरवरून नख फिरवलं. एके ठिकाणी खरखर लागली. पाइकचे दात लागले होते; लीडर बदलायलाच हवा होता. पण वेंडलचे ओठ थंडीने निळे पडले होते. गाठी बांधत बसलो तर हा घरी चल म्हणेल, आणि उद्या कुणी पाहिलाय? त्याने गळाची काठी तशीच भावाच्या हातात दिली. हार्लनची अक्कल तेव्हा कुठे चरायला गेली होती, कोण जाणे.

खोटा मासा होडीपाशी आला की इथे कुणी तो लगेच उचलत नाही. मागे आलेल्या माशाने झडप घालावी म्हणून काठीचं टोक पाण्यात बुडवून आठाचा आकडा काढतात. वेंडल दोन्ही हातांनी तो काढत होता. दुसऱ्या वळणावर पाणी उसळलं. काठी वाकली, वेंडल गुडघ्यांवर आला, पण त्याने पकड सोडली नाही. हार्लनने जाळं उचललं आणि दोरी सैल पडली.

“माझ्यात जोरच उरला नाही रे,” वेंडल म्हणाला. “एवढं केलंस तू, आणि मला धरताही आला नाही.” तो रडायला लागला.

हार्लनला गप्प बसता आलं असतं. पण त्याला स्वतःचाच संताप आला होता. त्याने दोरीचं टोक ओढून घेतलं. “हे बघ. लीडर तुटलाय. मघाशीच माझ्या नखाला खरखर लागली होती. मी बदलला नाही.”

वेंडलने ते टोक बोटांत फिरवून पाहिलं. “म्हणजे मी धरला होता?”

“धरला होतास.”

“मग तार बांध.”

हार्लनने तार बांधून काठी पुढे केली. वेंडलची बोटं तिच्यावर वळेनात. तेव्हा हार्लन त्याच्या पाठीशी बसला, भावाचे हात काठीवर ठेवून वरून आपले आवळले, आणि दोघांनी मिळून दोरी फेकली. खोटा मासा रिकामाच परत आला.

“पुन्हा,” वेंडल म्हणाला.