वळणावरची भाजीवाली

थाटीपुरच्या आमच्या गल्लीत एक म्हातारी भाजीवाली येते. मोठ्या रस्त्याची गर्दी चुकवायला मोटारसायकली या गल्लीतूनच सुसाट निघतात. पण दुपारी दीडला तिचा ठेला वळणावर आडवा झालेला असतो, आणि ती चाकाशी वाकून काहीतरी खटपट करत असते.

एकदा जेवून ऑफिसला परतताना मी स्कूटरवर तिच्यामागे अडकलो. चिडून म्हणालो, "अम्मा, ये पहिया ठीक क्यों नहीं करवातीं?"

"पहिया तो ठीक है, भैया," ती हळूच म्हणाली. "बच्चों की बस आ रही है."

ठेल्यापलीकडे शाळेची बस थांबली. मुलं रमतगमत रस्ता ओलांडू लागली. त्यांत माझी सात वर्षांची लेकही होती. जाता जाता तिनं हक्कानं ठेल्यावरचं एक गाजर उचललं.

शेवटचं मूल आमच्या कॉलनीच्या फाटकात शिरल्यावर म्हातारीनं ठेला सरळ केला. मागचा मोटारसायकलवाला तिला नको ते बोलून गेला. माझ्याही तोंडात मघाशी तेच आलं होतं.

"अम्मा, कल से मैं भी यहाँ खड़ा रहूँगा," मी म्हणालो.

ती हसली. "आप तो ऑफिस जाइए, भैया. बस, धीरे जाइए."