सोळाव्या सोमवारी हललेली सीट

हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या. पुढं सांगताना मलाच हसू फुटलं की मला बोलताच येत नाही. लातूरच्या क्लासच्या गल्लीत एका सोमवारी भर पाच वाजता तीन मजली इमारती रिकाम्या झाल्या, पोरं वह्या टाकून रस्त्यावर आली, ती कुणामुळं? माझ्यामुळं. आणि तेही मी गादीसारख्या मऊ सीटवर बसलेली असताना!

त्याचं असं झालं. आमच्या वैशालीच्या लग्नासाठी मी सोळा सोमवार धरले होते. दोन वर्षं स्थळं येत होती, पोहे खात होती, 'कळवतो' म्हणून जात होती आणि मग जी गप्प होत होती ती कायमची. वैशाली प्रत्येक वेळी पोह्यांची कढई घासताना जरा जास्तच जोरात घासायची. आईला तेवढं कळतं.

मग नांदेडचं स्थळ आलं. मुलगा अनिरुद्ध, पुण्यात मोटारींच्या कंपनीत इंजिनिअर. वडिलांचे नांदेडला केमिस्ट्रीचे क्लास. परीक्षा तोंडावर आलेल्या, त्यामुळं त्यांना दम खायलाही फुरसत नव्हती. म्हणून मुलगा आणि त्याची आई दोघंच येणार होते. आणि कधी? नेमके माझ्या सोळाव्या सोमवारी! म्हटलं महादेवा, तू कागदावर सहीच केलीस की.

गल्लीत गाडी शिरली तेव्हा समोरच्या वहिनी दारातला झाडू हातात तसाच धरून उभ्या राहिल्या. जीपसारखी उंच, पण जीपसारखी दांडगट नाही. काळीभोर, अंगाला तेल लावून आल्यासारखी. मी मनात म्हटलं, एवढ्या श्रीमंताघरी आपली पोर कशी निभावणार? तर अनिरुद्ध उतरता उतरताच हसला आणि म्हणाला, गाडी त्याची नाही, कंपनीची. बाजारात यायच्या आधी वेगवेगळ्या रस्त्यांवर फिरवून बघायची असते. नांदेड-लातूर रस्ता त्यानं मुद्दाम मागून घेतला होता. का? तर म्हणे तिथले खड्डे चांगले आहेत. आमच्या भागातल्या खड्ड्यांचं असं कौतुक मी पहिल्यांदाच ऐकलं.

पोहे झाले, चहा झाला. वैशाली आणि तो अंगणात जरा बोललेही. मला उपास, त्यामुळं मी नुसती बघत होते. मुलाची आई मात्र कमी बोलणारी. 'हाव', 'बरं', 'असं का' एवढंच. त्यांच्या चेहऱ्यावरून पास की नापास काही कळेना.

मी म्हटलं, संध्याकाळी देवळात जाऊन यायचंय मला, सोळावा सोमवार आहे. अनिरुद्ध लगेच उठला. म्हणाला, "काकू, चला की. सगळेच जाऊ."

माझे गुडघे दुखतात म्हणून मला पुढं बसवलं. मागं मुलाची आई, वैशाली आणि आमचे हे. तो पट्टा लावायला मला आणि अनिरुद्धला मिळून पाच मिनिटं लागली.

आता गाडीचं काय सांगू! सुरू झालेली मला कळलीच नाही. मी म्हटलं, बाबा, सुरू कर की. तर म्हणाला, "काकू, आपण कोपऱ्यापर्यंत आलो."

मग तो सांगायला लागला आणि मी ऐकत राहिले. माणूस आपल्या कामाबद्दल प्रेमानं बोलायला लागला की ऐकावं, त्याच्या स्वभावाची परीक्षा तिथंच होते. म्हणाला, एवढी उंच गाडी वळणावर एका अंगाला झुकते, तिला झुकू न देणं हे खरं काम. आणि त्यानं चौकात वळवून दाखवली. खरंच, डोक्यावर भरला हंडा घेतलेली बाई वळते ना, मान ताठ आणि पाणी न सांडता, तश्शी वळली. पायानं जरा दाबलं की मागून कुणी पाठीला हात लावून 'चल' म्हटल्यासारखी पुढं जायची. गतिरोधक आला. मी सवयीनं दात आवळून, पदर धरून तयार. रिक्षात त्या गतिरोधकावर माझं डोकं टपाला लागतं! पण काहीच नाही. मी विचारलं, गतिरोधक काढला का इथला? सगळे हसले. मुलाची आईसुद्धा हसल्या. मला बरं वाटलं.

ह्यांनी मागून विचारलं, "मग तुमचं नेमकं काम काय?"

तर त्याचं काम थरथर शोधायचं. इंजिनची, चाकांची, दरवाज्यांची. इंजिन रबरी गाद्यांवर बसवलेलं असतं, चाकांपाशी तेलाचे दांडे असतात, ते सगळे धक्के मधल्यामधे गिळून टाकतात. बसलेल्या माणसाच्या पाठीपर्यंत काही पोचलं की ती ह्याची चूक.

आणि मग तो ते वाक्य बोलला. माझा दोष आहेच, पण थोडा त्या वाक्याचाही आहे. म्हणाला, "काकू, ह्या सीटवर तुम्हाला थरथर जाणवली ना, तर समजा गाडी न्हाई, जमीन हलून राहिली."

आता तुम्हीच सांगा, लातूरच्या बाईला असं बोलायचं असतं का?

त्र्याण्णवचा भूकंप झाला तेव्हा मी नवी नवरी होते. त्यानंतर कित्येक महिने आम्ही अंगणात पत्र्याखाली काढले. तेव्हापासून इथल्या माणसाला पायाखाली काही हललं की आधी दार दिसतं, मग देव. मी तर अजून स्वयंपाकघरात भांड्यातलं पाणी हललं की आधी ओट्याला हात लावून बघते.

क्लासच्या गल्लीत गाडी मुंगीच्या पावलानं चालली होती. एक बॅच सुटत होती, दुसरी भरत होती, सगळा रस्ता पाठीवर दप्तरं. कोपऱ्यावर छोटा मारुती आहे. मला वाटलं काच खाली करून हात जोडावेत. दारावर पाहिलं तर ही बटणं! कुठं बाण, कुठं माणसाचं चित्र. अनिरुद्धला विचारलं असतं तर काय बिघडलं असतं? पण मी त्याची सासू होऊ घातलेली, अडाणी कशाला दिसायचं? एक दाबलं, काही झालं नाही. दुसरं दाबलं. तेही नाही. हात जोडले तसेच काचेतून.

आणि पाठीखाली काहीतरी हललं.

आधी कमरेशी. मग ते वर सरकलं. मग डावीकडून उजवीकडं, एक लाट गेली, दुसरी आली. मी अनिरुद्धकडं बघितलं, तो शांत. पण त्याचं वाक्य माझ्या कानात: गाडी न्हाई, जमीन.

"भूकंप! उतरा, उतरा, भूकंप!"

जो पट्टा लावायला पाच मिनिटं लागली तो कसा सुटला, त्या महादेवाला माहीत. अनिरुद्धनं घाबरून गाडी थांबवली, मी दार उघडून बाहेर. गुडघे? कुठले गुडघे! मागचं दार ओढलं, उघडेना. पुन्हा ओढलं, उघडेना. आतून हे काहीतरी ओरडत होते, काचेमुळं नुसतं तोंड हलताना दिसत होतं. तेवढ्यात पलीकडं अनिरुद्ध उतरला, मला शांत करायला. मी धावत जाऊन त्याचा दंड धरला आणि त्याला फरफटत रस्त्याच्या मधोमध मोकळ्यावर आणून उभं केलं. जाताना मी ओरडतच होते.

बास. लातूर आहे ते! चहाच्या टपरीवरच्यानं गॅस बंद केला आणि तोही ओरडला. पहिल्या मजल्यावरून पोरं उतरली, त्यांना बघून दुसऱ्यावरची, मग तिसऱ्यावरची. होस्टेलच्या मुली ताटं हातात घेऊन खाली. एक फिजिक्सचे सर हातात डस्टर घेऊन आले आणि रस्त्यावरच पोरांची हजेरी घ्यायला लागले.

मला वाटलं कुणीतरी म्हणेल, बाई, काही झालं नाही. छे! कोपऱ्यावरचे शिंपी चाचा माझ्याजवळ आले, छातीला हात लावून म्हणाले, "भाभी, मेरेकू बी लगा. मशीन अपनेआप हल्ली." एकानं चाकूरला भावाला फोन लावला. तिकडं जाणवला नव्हता, पण म्हैस सकाळपासून बेचैन होती म्हणे. म्हशीचं ऐकल्यावर तर कुणालाच शंका उरली नाही. एक आजोबा सगळ्यांना बजावत होते, "हा ल्हान होता. मोठा आता येतो. कुणी आत जाऊ नका." मी मान डोलावत होते, अनिरुद्धचा दंड काही सोडत नव्हते.

एवढ्या गोंधळात वैशाली कुठं होती? ती आणि बाकीचे कधी उतरले मला कळलंही नाही. ती गाडीपाशी गेली, पुढचं दार उघडलं, माझ्या जागेवर बसली आणि पाठ टेकून डोळे मिटले. मग मान बाहेर काढून म्हणाली,

"आई, भूकंप अजून चालूच आहे. पण फक्त तुझ्या सीटवर."

अनिरुद्धनं आत वाकून बघितलं. पाठ रगडायची सोय होती ती! मोठ्या गाडीत पाठ दुखू नये म्हणून सीटच्या आत गोळे फिरतात. बटण मीच दाबलेलं.

त्या गर्दीला काय सांगायचं? आमचे हे पुढं झाले आणि म्हणाले, गेला भूकंप, गेला, जा आत. पंधरा मिनिटं तरी कुणी हलेना. मी पदर तोंडाला लावून गाडीत बसले. देवळात गेलो, पण महादेवाला काय सांगितलं मला आठवत नाही. परत येताना मुलाची आई खिडकीबाहेर बघत होत्या. संपलं, म्हटलं मी. सोळा सोमवारांवर आपणच बोळा फिरवला. पोरीनं घरी येऊन पोह्यांची कढई घासायला काढली.

तेवढ्यात मुलाची आई आत आल्या. म्हणाल्या, "ताई, माणूस घाबरल्यावर खरा दिसतो. तुम्ही तुमचे सगळे गाडीत सोडून आधी माझ्या लेकाला ओढून काढलंत. आमचा होकार हाय. तुमच्या पोरीला विचारा."

पोरीला विचारायची गरजच नव्हती, तिचे कान लाल झाले होते. मी साखरेची वाटी पुढं केली, पण खरं काय ते मला माहीत होतं. मागचं दार उघडलं असतं तर आधी वैशालीला काढलं असतं, मग ह्यांना. अनिरुद्धचा नंबर लागला असता की नाही, देव जाणे. त्याचं दार तेवढं उघडं होतं, एवढंच. सोळा सोमवार केलेली बाई मी, आणि पोरीचं लग्न अशा गैरसमजावर ठरवायचं? सहा महिने मनाला खात होतं.

शेवटी हळदीच्या दिवशी मी त्यांना बाजूला घेतलं आणि सगळं सांगून टाकलं. डोळ्यात पाणी आलं माझ्या.

तर विहीणबाई हसल्या. म्हणाल्या, "अहो, त्याच दिवशी सांगितलं मला अनिरुद्धनं. मागची दारं त्याच्या बटणाशिवाय उघडत न्हाईत, ते त्यानं उतरतानाच दाबलं. आणि तुम्ही दोनदा ओढलंत ते मी आतूनच बघितलं की! मी वैशालीच्या शेजारी बसले होते न्हाई का?"

"मग होकार कशाला दिलात?"

"पोरीसाठी. सगळी गल्ली पळत होती तेव्हा ती एकटी जाऊन बसली आणि काय हलतंय ते बघितलं. ते आमच्या घरात कुणाला जमत न्हाई. तुम्हाला वाईट वाटू नये म्हणून तुमचं नाव घेतलं."

मला इतकं हलकं वाटलं म्हणून सांगू! आणि माणसाचं मन बघा किती हावरट, मी लगेच विचारलं, "मग माझं काहीच आवडलं नाही का तुम्हाला?"

त्यांनी हळदीचा हात माझ्या गालाला लावला आणि म्हणाल्या,

"आवडलं की. खरा भूकंप आला तर आम्हाला लातूरला फोन लावायची गरज न्हाई. तुमचा आवाज नांदेडला येतो."