अर्धवट बसलेली टोपी

पंच्याऐंशी साली जयपूरच्या रायफल क्लबात वापरलेली काडतुसं पुन्हा भरून देणारा एक म्हातारा होता. नाव मी कधी विचारलंच नाही. पितळी पुंगळीत स्फोटक टोपी बसवण्याआधी तो पुंगळीच्या बुडातल्या खळगीवरून नख फिरवायचा.

एकदा घाईत, नख न फिरवताच, मीच टोपी दाबली. ती अर्ध्यावर अडकली, कड चेपली. शेजारी टोप्यांची डबी उघडीच! मी आणखी जोर लावणार, तोच त्याने माझं मनगट धरलं, डबी माझ्या हाती दिली.

"इसे लेकर बाहर जाइए, साब."

दाराबाहेर आल्यावर कळलं, ती एक फुटली असती तर अख्खी डबी उडाली असती. बऱ्याच वेळाने त्याने टोपी काढलेली पुंगळी आणून दाखवली. खळगीला पोचा होता, जुनाच.

"जहाँ जोर लगाना पड़े, साब, वहाँ गलती पहले हो चुकी होती है."

बायकोवर, मुलांवर आवाज चढला की अजून मनगटावर ती पकड जाणवते.